हेलनचा कॅबरे माहितीये, पण सरकारला घाम फोडणारा बर्लिनचा कॅबरे माहितीये का?

कॅबरे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? धुरानं भरलेलं हॉटेल, कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेला व्हिलन आणि पिसांचा ड्रेस घालून नाचणारी हेलन. हिंदी सिनेमानं हे चित्र इतकं पक्कं बसवलंय की कॅबरे म्हणजे 'तसला' नाच, यापलीकडे कुणी विचारच करत नाही.

आता कल्पना करा, जर्मनीत शिकायला गेलेला एखादा मराठी पोरगा बर्लिनमध्ये वीकेंडला काय बघायचं म्हणून मोबाईलवर शोधतो. कॅबरेचा कार्यक्रम दिसतो, तो उत्साहानं तिकीट काढतो. आत जाऊन बघतो तर स्टेजवर एक पियानो, तीन-चार माणसं, त्यातला एक चश्मा लावून चान्सलरची नक्कल करतोय आणि पेन्शन योजनेवर विनोद चाललेत. नाच वगैरे काही नाही. शेजारी बसलेल्या साठीच्या आजी मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतायत.

पोरगा चुकीच्या ठिकाणी शिरला का? तर नाही. बर्लिनमध्ये कॅबरेचे दोन प्रकार आहेत आणि घोळ एका स्पेलिंगचा आहे.

मूळ शब्द फ्रेंच. फ्रेंचमध्ये कॅबरे म्हणजे साधा दारूचा गुत्ता. १८८१ मध्ये पॅरिसच्या माँमार्त्र भागात रोदोल्फ सालीस नावाच्या माणसानं 'ल शा न्वार' म्हणजे 'काळी मांजर' नावाचं ठिकाण उघडलं. तिथं कवी, चित्रकार, गाणारे जमायचे, पीत पीत एकमेकांना आपलं काम ऐकवायचे आणि बड्या लोकांची टिंगल करायचे. ही कल्पना युरोपभर पसरली. जर्मनीत आल्यावर तिच्या हळूहळू दोन फांद्या झाल्या. 'सी'नं लिहिलेला कॅबरे म्हणजे नाच, गाणी, झगमगाट. 'के'नं लिहिलेला 'कबारेट' म्हणजे राजकीय आणि सामाजिक टोमण्यांचा कार्यक्रम. आपल्या तमाशाच्या भाषेत सांगायचं तर पहिल्यात सगळा भर लावणीवर आणि दुसऱ्यात सगळा भर सोंगाड्यावर.

ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आठवा. दादा कोंडके त्यात आदल्या दिवशीच्या पेपरातल्या बातमीवर ऐनवेळी कोटी करायचे आणि लोक तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा यायचे. कबारेटचं इंजिन अगदी हेच आहे. आज काय घडलं, त्यावर आज रात्री बोलायचं. त्यामुळे संहिता छापून कपाटात ठेवली की त्यातली निम्मी जान जाते. आणि म्हणूनच सत्तेत कुणीही असो, त्याचं या प्रकारावर बारीक लक्ष राहिलंय.

तर बर्लिनमध्ये याची सुरुवात झाली १८ जानेवारी १९०१ ला. एर्न्स्ट फॉन वोल्त्सोगेन या लेखकानं 'यूबरब्रेटल' नावाचं कॅबरे उघडलं. पण तेव्हा कैसरचं राज्य होतं. स्टेजवर बोलायचा प्रत्येक शब्द आधी पोलिसांना दाखवावा लागायचा. साहजिकच तिथली टिंगल तशी मिळमिळीतच होती.

१९१८ मध्ये जर्मनी पहिलं महायुद्ध हरली, कैसर गेला आणि त्याच्यासोबत नाटकांची सेन्सॉरशिपही गेली. त्यानंतरची पंधरा वर्षं म्हणजे बर्लिनचा तो गाजलेला काळ. महागाई अशी की पावाच्या एका लादीला पोतंभर नोटा, रस्त्यावर डाव्या-उजव्यांच्या मारामाऱ्या आणि रात्री तळघरांमध्ये कॅबरे. यातली महत्त्वाची दोन ठिकाणं बायकांनी सुरू केली होती, हे फारसं सांगितलं जात नाही. रोझा वालेट्टीनं १९२० मध्ये 'ग्र्यॉसनवान' म्हणजे 'मोठेपणाचं वेड' उघडलं, तर ट्रूडे हेस्टरबर्गनं १९२१ मध्ये एका थिएटरच्या तळघरात 'विल्डे ब्यूने' म्हणजे 'रानटी रंगमंच'.

या रानटी रंगमंचावर जानेवारी १९२२ मध्ये तेवीस वर्षांचा एक किडकिडीत पोरगा गिटार घेऊन उभा राहिला. त्यानं मेलेल्या सैनिकाचं गाणं म्हटलं. गाण्यातली गोष्ट अशी की सैन्याला माणसं कमी पडतात, म्हणून एका मेलेल्या शिपायाला कबरीतून उकरून काढतात, डॉक्टर त्याला तंदुरुस्त ठरवतात आणि पुन्हा लढायला पाठवतात. युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झालेली. प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला की हेस्टरबर्गला पडदा पाडावा लागला. त्या पोराचं नाव होतं बर्टोल्ट ब्रेख्त.

पुढं ३१ ऑगस्ट १९२८ ला याच ब्रेख्तचं आणि संगीतकार कुर्ट वाइलचं 'थ्री पेनी ऑपेरा' बर्लिनच्या शिफबाउअरडाम थिएटरमध्ये आलं. चोर, भिकारी, वेश्या आणि त्यांच्याशी संधान बांधलेला पोलीसप्रमुख अशी ही गोष्ट. मूळ आधार दोनशे वर्षं जुन्या एका इंग्रजी नाटकाचा, पण गाणी थेट कॅबरेच्या वळणाची. कलाकारही तिथूनच आलेले. रोझा वालेट्टी त्यात होती. सुरुवातीचं मॅक द नाइफचं गाणं म्हणणारा आणि पोलीसप्रमुख झालेला नट म्हणजे कुर्ट गेरॉन. हे नाव लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे.

मराठी प्रेक्षकांना ही गोष्ट ओळखीची वाटली असेल, तर बरोबर आहे. १९७८ मध्ये पुलंनी याच नाटकाचं 'तीन पैशाचा तमाशा' केलं. पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं ते उभं केलं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि मॅकचा अंकुश झाला होता नंदू भेंडे. पुलंनी ऑपेराला तमाशा म्हटलं, यात त्यांचा शब्दांचा खेळ असेलच. पण कॅबरे आणि तमाशा ही एकाच जातीची माणसं आहेत, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. म्हणूनच त्यात नाट्यसंगीत, लावणी आणि पाश्चात्त्य पॉप एकाच पंगतीला बसू शकले.

उजवा हात वर केला आणि थिएटर बंद झालं

आता या गोष्टीतला सगळ्यात धाडसी माणूस. वर्नर फिंक. १९२९ मध्ये त्यानं काही मित्रांसोबत 'कटाकोंबे' नावाचं कॅबरे सुरू केलं. त्याची खासियत म्हणजे अर्धवट वाक्य. तो बोलता बोलता अडखळायचा, वाक्य सोडून द्यायचा आणि उरलेलं प्रेक्षक मनात पूर्ण करायचे. अर्थ प्रेक्षकानं लावला, तर पकडायचं कुणाला?

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चान्सलर झाला. फेब्रुवारीत संसदेला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेख्तनं देश सोडला. बहुतेक कॅबरे बंद पडले, कारण त्यातले लेखक, संगीतकार, नट मोठ्या संख्येनं ज्यू होते आणि त्यांना जीव वाचवून पळावं लागलं. फिंक मात्र थांबला. गुप्त पोलिसांची माणसं प्रेक्षकांत बसून त्याची वाक्यं लिहून घ्यायची. त्यावरून एक किस्सा सांगितला जातो. फिंकनं स्टेजवरूनच अशा एका माणसाला विचारलं की मी फार भरभर बोलतोय का, तुम्ही माझ्यासोबत येताय ना, की मी तुमच्यासोबत येऊ?

१९३५ मध्ये त्यानं शिंप्याचं एक प्रहसन केलं. गिऱ्हाईक मापं द्यायला उभं आहे, शिंपी हाताचं माप घेतोय. गिऱ्हाईकाचा उजवा हात वर जातो, नाझी सलामीसारखा, आणि तसाच राहतो. शिंपी विचारतो, हात खाली का घेत नाही, याचा अर्थ काय? त्यावर जे उत्तर येतं त्यात जर्मन भाषेतली जबरदस्त कोटी आहे. तेच दोन शब्द एकदा ऐकले तर अर्थ होतो 'वर उचललेला उजवा हात' आणि दुसऱ्यांदा ऐकले तर 'काढून घेतलेले हक्क'.

१० मे १९३५ ला गोबेल्सच्या आदेशानं कटाकोंबेला टाळं लागलं. त्याच दिवशी 'टिंगल टांगल' नावाचं दुसरं कॅबरेही बंद केलं गेलं. फिंकची रवानगी एस्टरवेगनच्या छळछावणीत झाली. केटे डोर्श या अभिनेत्रीनं गोरिंगकडे शब्द टाकला म्हणून तो काही आठवड्यांत सुटला. नंतर खटला चालला, पण पुराव्याअभावी निर्दोष! अर्धवट वाक्यांचा असाही फायदा.

सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. मॅकचं गाणं म्हणणारा कुर्ट गेरॉन ज्यू होता. तो पॅरिसमार्गे हॉलंडला गेला. नाझी फौजा तिथंही पोहोचल्या. हॉलंडमधल्या वेस्टरबोर्क छावणीत बर्लिनच्या नामांकित कॅबरे कलाकारांना चक्क कार्यक्रम करायला लावले जायचे आणि छावणीचा प्रमुख पहिल्या रांगेत बसून ते बघायचा. याच छावणीतून दर मंगळवारी माणसांनी भरलेली गाडी पूर्वेकडं सुटायची. गाडीच्या यादीत आपलं नाव येऊ नये म्हणून लोक स्टेजवर गात होते. गेरॉनला पुढं टेरेझिनच्या छावणीत नेलं. तिथं त्यानं 'कारुसेल' नावाचं कॅबरे चालवलं. छावणीत सगळं कसं छान आहे हे जगाला दाखवणारी एक प्रचारफिल्मही त्याच्याकडून करवून घेतली. फिल्मचं काम संपल्यावर ऑक्टोबर १९४४ मध्ये त्याला आउश्वित्सला पाठवून मारलं.

इथं एक प्रश्न नेहमी विचारला जातो. एवढी टिंगल करून हिटलर थांबला का? ब्रिटिश विनोदकार पीटर कुक खवचटपणे म्हणायचा की हिटलरला रोखण्यात बर्लिनच्या कॅबरेंनी केवढं मोठं काम केलं होतं! टोमणा झोंबणारा आहे आणि त्यात तथ्यही आहे. त्या काळातल्या अनेक कॅबरेंनी हिटलरला फक्त मिशीवाला विदूषक समजण्याची चूक केली. जितकी टिंगल नाझींची, तितकीच किंवा त्याहून जास्त टिंगल त्या वेळच्या लडखडत्या लोकशाहीची चालायची. पण हेही खरं की ज्याचा काही परिणामच होत नाही, ते बंद करायला गोबेल्सनं आदेश कशाला काढला असता?

साळिंदर इकडं, काटेरी झुडूप तिकडं

युद्धानंतर शहराचे दोन तुकडे झाले आणि गंमत म्हणजे दोन्ही तुकड्यांनी आपापलं कबारेट काढलं. पश्चिम बर्लिनमध्ये १९४९ ला 'श्टाखेलश्वाइने' म्हणजे साळिंदर. पूर्व बर्लिनमध्ये १९५३ ला 'डिस्टेल' म्हणजे काटेरी झुडूप. नावं बघा, दोघांनाही टोचायचंच होतं.

डिस्टेलची भानगड जास्त मजेदार. ते सरकारीच कबारेट होतं. म्हणजे पगार सरकार देणार आणि टिंगल सरकारची करायची. जून १९५३ मध्ये पूर्व जर्मनीत कामगारांचा उठाव झाला, तो रणगाडे घालून चिरडला गेला. त्यानंतर चारच महिन्यांत डिस्टेल उघडलं. पहिल्या कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ होता 'हुर्रे, विनोदाचंही नियोजन झालंय'. पंचवार्षिक योजनांच्या देशात हे नाव पास झालं, हीच मोठी गोष्ट. तिकिटांसाठी झुंबड असायची. पण संहिता आधी मंजूर करून घ्यावी लागे. १९८८ मध्ये तर एक अख्खा कार्यक्रम पहिल्या प्रयोगाआधीच रोखला गेला. पुढच्या वर्षी बर्लिनची भिंतच पडली.

संहिता आधी दाखवायची हे वाचून हसू येत असेल तर जरा थांबा. महाराष्ट्रात आजही नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'चं प्रकरण याच मंडळामुळं कोर्टापर्यंत गेलं होतं.

मग आज बर्लिनमध्ये काय बघायला मिळतं?

डिस्टेल आणि साळिंदर दोन्ही आजही चालू आहेत. डिस्टेल फ्रीडरिखश्ट्रासे स्टेशनला लागून असलेल्या आडमिराल्सपालास्टच्या इमारतीत. तिथून नदीचा पूल ओलांडला की पाच-सात मिनिटांत शिफबाउअरडाम थिएटर. ब्रेख्त परत आल्यावर त्याची 'बर्लिनर ऑन्साम्ब्ल' ही संस्था १९५४ पासून इथंच आहे. 'थ्री पेनी ऑपेरा' ज्या स्टेजवर जन्मलं, त्याच स्टेजवर २०२१ मध्ये बॅरी कॉस्की या दिग्दर्शकानं ते नव्यानं बसवलं. बर्लिनला जाणाऱ्यानं एकच नाटक बघायचं ठरवलं, तर हेच बघावं.

'सी'वाला झगमगीत कॅबरे हवा असेल तर दोन तंबू आहेत. हो, खरोखरचे तंबू. एक 'बार येडर फेर्नुन्फ्ट', आरशांनी मढवलेला शंभरी पार केलेला तंबू. नावाचा अर्थ 'अक्कल गहाण टाकलेला', आणि त्यात बार या शब्दावरही कोटी. दुसरा 'टिपी', थेट जर्मन चान्सलरच्या कार्यालयाशेजारी. टिपीमध्ये अनेक उन्हाळे 'कॅबरे' हेच म्युझिकल लागत आलंय. जगाला बर्लिनचा कॅबरे माहीत झाला तो याच कथेमुळं. क्रिस्टोफर इशरवुड हा इंग्रज लेखक १९२९ ते ३३ बर्लिनमध्ये राहिला, त्याच्या गोष्टींवरून १९६६ मध्ये म्युझिकल आलं आणि १९७२ च्या सिनेमानं आठ ऑस्कर नेले. ज्या वर्षी 'गॉडफादर'ला तीन मिळाले, त्या वर्षी! जाता जाता, याच इशरवुडनं पुढं अमेरिकेत स्वामी प्रभवानंदांसोबत भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर केलं.

तिकीट काढण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडं नाटक फिरतं. शनिवारी ठाण्याचं गडकरी, रविवारी पुण्याचं बालगंधर्व, सेट टेम्पोत आणि कलाकार बसमध्ये. बर्लिनच्या मोठ्या थिएटरात उलटं असतं. नाटक जागेवरच राहतं आणि रोज रात्री स्टेजवर वेगळं नाटक लागतं. आज ब्रेख्त, उद्या शेक्सपियर, परवा एखादं नवं. नट पगारी, सुतार पगारी, सेट ठेवायला स्वतःची गोदामं. त्यामुळे एखाद्या नाटकाचे महिन्याला मोजकेच प्रयोग होतात आणि वेळापत्रक आधी बघून ठेवावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक मोठी थिएटर्स सुट्टीवर जातात. तंबूतल्या 'कॅबरे'ची चलती असते ती तेव्हाच.

ही पद्धत सुंदर आहे, पण खर्चिक. तिकिटावर ती भागत नाही, सरकारी अनुदान लागतं. आणि आत्ताचं दुखणं तिथंच आहे. २०२४ च्या शेवटी बर्लिनच्या राज्य सरकारनं २०२५ साठी संस्कृतीच्या खर्चाला तब्बल १३ कोटी युरोंची कात्री लावली. एकूण सांस्कृतिक बजेटच्या आठव्या हिस्स्याच्या आसपास ही रक्कम जाते. ब्रान्डेनबुर्ग गेटसमोर हजारो कलाकार आणि प्रेक्षक जमले. 'शाउब्यूने'सारख्या नामांकित थिएटरनं दिवाळखोरीचा इशारा दिला. शहराचे सांस्कृतिक मंत्री योए किआलो यांनी पुढच्या कपातींचं कारण देत मे २०२५ मध्ये राजीनामाच टाकला.

यात सगळ्यात आधी मरण होतं ते छोट्या गटांचं. मोठं थिएटर एखादं नवं नाटक कमी करतं, तिकीट वाढवतं आणि तग धरतं. तळघरात पन्नास खुर्च्या मांडून नवीन काही करू बघणाऱ्याकडं कमी करायला काही नसतंच. आणि १९२२ चा ब्रेख्त असाच एका तळघरात गिटार घेऊन उभा होता.

राहिला भाषेचा प्रश्न. मोठ्या थिएटरांमध्ये ठरावीक प्रयोगांना स्टेजच्या वर इंग्रजी भाषांतराची पट्टी दिसते, तसा उल्लेख वेळापत्रकात असतो. विद्यार्थ्यांना सवलतीची तिकिटं मिळतात, ओळखपत्र सोबत ठेवायचं. तंबूतल्या 'कॅबरे'ची गोष्ट जर्मन न येणाऱ्यालाही कळते. डिस्टेल आणि साळिंदरला मात्र पर्याय नाही. तिथं सगळी मजा कोट्यांमध्ये आहे, त्या कळायला जर्मन बऱ्यापैकी यायलाच हवं आणि आठवडाभराचे पेपर वाचलेले हवेत. नाहीतर शेजारच्या आजी हसतील आणि आपण त्यांच्याकडं बघून हसत बसू.